शाईचे पेन, शाई आणि अक्षराचे वळण

हस्ताक्षर सुधारणे म्हणजे प्रत्येक अक्षर नक्षीदार काढणे नव्हे. लिहिलेले पान सहज वाचता यावे आणि दिसायला नेटके असावे, यासाठी चार गोष्टी जमाव्या लागतात : अक्षरांची उंची सारखी हवी, उभे दंड समांतर हवेत, शब्दांमधले अंतर सारखे हवे आणि रेघेची जाडी सारखी हवी. पहिल्या तीन गोष्टी हाताच्या सवयीच्या आहेत. त्या कोणत्याही पेनाने साधतात. चौथी मात्र बरीचशी साधनावर अवलंबून असते. शाईचे पेन तिथे उपयोगी पडते, कारण त्याला कागदावर दाबावे लागत नाही. दाब गेला की बोटे मोकळी होतात आणि उरलेल्या तीन गोष्टींचा सराव सोपा होतो. पेन अक्षर सुधारत नाही. ते हाताला सुधारायची सवड देते आणि चूक झाली की ती कागदावर लगेच दाखवते.

मराठीतले जुने नियम

सुंदर अक्षराचा विचार मराठीत जुना आहे. सतराव्या शतकातल्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. समर्थ रामदासांनी त्यात पोथी लिहिणाऱ्याला जे सांगितले, ते आजच्या वहीलाही लागू पडते. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काने, मात्रा, वेलांट्या नीट असाव्यात. एका ओळीतला उकार किंवा मात्रा दुसऱ्या ओळीला लागू नये. पान आधी आखून घ्यावे आणि भोवती समास सोडावा. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी फार बारीक अक्षराची सवय लावून घेऊ नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, असा व्यवहारी सल्लाही तिथे आहे. बोरू, चाकू, कागद आणि शाई यांच्या तयारीबद्दलही त्यात सूचना आहेत. चांगले अक्षर हात आणि साहित्य या दोहोंनी घडते, हे त्या समासात गृहीतच धरलेले आहे.

पोथीसाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी अशी वाटणी त्या काळी होती. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. वेग हा मोडीचा गुण होता. तरीही तिच्यात चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी ओळखता येणारी वळणे होती. वेगाने लिहूनही वळण टिकवता येते, याचा हा पुरावाच आहे.

बोरू आणि नंतरचा धातूच्या निबेचा टाक यांत एक अडचण होती. काही शब्द लिहिले की ते दौतीत बुडवावे लागत. बुडवल्याबरोबर रेघ गडद येई आणि हळूहळू फिकी होत जाई. लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पेनात शाई निबेपर्यंत नियमित पोचवण्याची सोय होती. पोटात शाई बाळगणारी पेने त्याआधीही होती, पण भरवशाचे फाउंटन पेन सर्वत्र पोचले ते यानंतर.

पेन कसे चालते

शाईच्या पेनाचे तीन मुख्य भाग : शाईची टाकी, निब आणि निबेखालची काळी जीभ. निबेच्या टोकापासून मधल्या छिद्रापर्यंत एक बारीक चीर असते. जिभेवर अरुंद खाचा असतात. टाकीतली शाई या खाचांमधून आणि चिरेतून केशाकर्षणाने टोकाकडे येते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा जिभेच्या खाचांमधून आत शिरते. ही देवाणघेवाण बिघडली तर पेन कोरडे चालते किंवा गळते.

टोक कागदाला नुसते टेकले की शाई उतरते. बॉलपेनात घट्ट, तेलकट शाई असते आणि टोकाची बारीक गोळी फिरवण्यासाठी पेन दाबावे लागते, उभेही धरावे लागते. वर्षानुवर्षे बॉलपेन दाबून लिहिलेल्या हाताचे मधले बोट दुखते, पानाच्या मागे खाचा उठतात आणि अक्षरे अडखळत पुढे जातात. अशा हाताने शाईचे पेन धरले की पहिल्या दिवशी दोन गोष्टी घडतात : निबेच्या दोन फाका पसरून रेघ जाड होते आणि टोक कागदात रुतून खरखर आवाज येतो. हा पेनाचा दोष नसतो. जास्तीचा दाब कुठे पडतो हे त्या जाड रेघा दाखवतात. बहुतेकांच्या हातून तो शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणि दंडाच्या शेवटी पडतो.

पेन कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांत कलते धरावे आणि निबेची चीर वर, छताकडे असावी. पेन बोटांत फिरून चीर बाजूला गेली की एकच फाक कागदाला लागते आणि रेघ मधूनच तुटते. नवशिक्यांचे ‘पेन उठत नाही’ हे गाऱ्हाणे बहुधा यातूनच येते.

मराठीसाठी निब

निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. कागदावर घासून झिजतो तो हाच. मण्याच्या रुंदीवरून निबेला फाइन, मीडियम, ब्रॉड असे म्हणतात. युरोपीय पद्धतीच्या फाइन निबेची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर, मीडियमची त्याहून थोडी जाड असते. जपानी निबा त्याच नावाने एक पायरी बारीक निघतात.

देवनागरीत गाठी आणि बंद पोकळ्या पुष्कळ आहेत. भ, ध, श, ळ, क्ष, ष्ट ही अक्षरे जाड निबेने लहान लिहिली की त्यांची पोटे शाईने भरतात. आठ मिलिमीटर अंतराच्या ओळींत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा सोडल्यावर अक्षराच्या मुख्य अंगाला साडेतीन-चार मिलिमीटर उरतात. एवढ्या उंचीला अर्ध्या मिलिमीटरची रेघ शोभते. म्हणून सरावासाठी फाइन निब बरी. अतिबारीक निब कागद कोरते आणि हाताचे प्रत्येक थरथरणे दाखवते. ब्रॉड निब चुका झाकते, पण पोकळ्या बुजवते. सपाट टोकाची स्टब निब उभी रेघ जाड आणि आडवी बारीक काढते. तिने पत्र किंवा शीर्षक देखणे दिसते, मात्र वळण बसण्याआधी तिच्या मागे लागू नये. जाड-बारीक रेघांच्या शोभेत उंची आणि अंतरातले दोष लपून जातात.

सोन्याच्या निबेने अक्षर चांगले येते ही समजूत खरी नाही. साध्या स्टेनलेस स्टीलच्या निबेच्या फाका जुळलेल्या असतील आणि मणी गुळगुळीत असेल, तर ती सरावाला पुरेशी आहे.

शाईचे प्रकार

काजळी, डिंक आणि पाणी यांची जुनी काळी शाई पोथ्यांत शतकानुशतके टिकली. काजळीचे कण मात्र पेनाच्या खाचांत बसतात आणि पेन कायमचे बंद पडते. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई फाउंटन पेनात भरू नये ती यामुळेच; तिच्यातले लाखेसारखे बंधक द्रव्य वाळले की पाण्याने सुटत नाही.

फाउंटन पेनाच्या नेहमीच्या शाईत बहुतांश पाणी, त्यात विरघळलेला रंग, लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखा पदार्थ आणि बुरशी लागू नये म्हणून थोडे जंतुनाशक असते. रॉयल ब्ल्यू ही या वर्गातली. ती पेनाला मानवते, कपड्यावरून बरीचशी धुऊन निघते, आणि याच कारणाने पानावर पाणी सांडले तर अक्षरही धुऊन नेते.

दुसरा वर्ग लोहयुक्त शाईचा. हिराकस आणि माजूफळातले टॅनिन यांच्या संयोगाने ती बनते. बाटलीत ती फिकी असते, म्हणून लिहिताना दिसावी यासाठी तिच्यात निळा रंग घालतात. कागदावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोहाचे संयुग काळे आणि न विरघळणारे बनते. जुनी ब्ल्यू-ब्लॅक शाई दुसऱ्या दिवशी काळसर दिसे ती यामुळे. भारतीय मानकांत या दोन वर्गांसाठी वेगळी मानके आहेत : ०.१ टक्का लोह असलेल्या शाईसाठी आयएस २२० आणि रंगद्रव्याच्या शाईसाठी आयएस १२२१. नोंदवही, करारपत्र अशा टिकाऊ मजकुराला लोहयुक्त शाई योग्य. तिच्यात आम्ल असते, त्यामुळे हलक्या मुलाम्याची निब ती हळूहळू खाते. सरावाला रॉयल ब्ल्यूच बरी.

महाराष्ट्रात शाईचा धंदा रुजला तो स्वदेशीच्या वातावरणात. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद दांडेकर यांनी १९३१ साली गिरगावात दांडेकर आणि कंपनी काढली आणि ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड व वड्या विकायला सुरुवात केली. पूड किंवा वडी पाण्यात घोळून दौत भरायची, ही त्या वेळची शाळेतली आणि कचेरीतली रीत होती. पुढे फाउंटन पेनासाठी तयार ‘कॅमल’ शाई आली आणि कॅमलिन हे नाव घरोघरी पोचले. २०११ साली कोकुयो या जपानी कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला. कोकुयो कॅमलिनचा एक कारखाना पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत आहे.

सरावाला एकच शाई आणि एकच रंग वापरावा. दोन कंपन्यांच्या शाया एकमेकींत मिसळू नयेत. कधी कधी त्यांचा साका खाली बसतो आणि जीभ तुंबते.

कागद आणि किनाऱ्यावरची हवा

कागद बनवताना त्याला खळ देतात. खळ चांगली असेल तर शाई पृष्ठभागावर थांबून सुकते. कमी असेल तर ती तंतूंमध्ये शिरते आणि रेघेला बारीक केस फुटतात. यालाच अक्षर फुटणे म्हणतात. फुटणाऱ्या कागदावर कितीही सराव केला तरी अक्षर गबाळेच दिसते, आणि लिहिणारा उगाच स्वतःला दोष देतो. वही घेण्याआधी शेवटच्या पानावर ‘क्ष’, ‘भ’ आणि ‘ष्ट’ ही अक्षरे लिहावीत, एक आडवी रेघ सावकाश ओढावी आणि रेघेच्या शेवटी निब तीन सेकंद टेकवून ठेवावी. पोकळ्या उघड्या राहिल्या, रेघेच्या कडा स्वच्छ राहिल्या आणि टेकवलेला ठिपका मागच्या पानावर उतरला नाही, तर वही चालेल. जमाखर्चाच्या वह्यांचा जाड, खळ दिलेला कागद या परीक्षेत सहसा उतरतो. स्वस्त, पातळ वही उतरत नाही.

सातपाटीसारख्या गावात या परीक्षेला ऋतूचीही जोड द्यावी लागते. पालघरच्या पश्चिमेला समुद्राला लागून असलेल्या या मच्छीमारांच्या गावात हवा बारमाही दमट असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्याच दिवसांत घरातला कागदही सर्वाधिक ओलावा धरतो. कागदाचे तंतू हवेतले पाणी शोषून फुगतात, शाई सुकायला वेळ घेते आणि जास्त पसरते. मे महिन्यात ज्या वहीवर रेघ स्वच्छ येत होती, तीच वही जुलैत अक्षर फोडते. पेन बदलण्याची घाई न करता वही बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, लिहिण्यापुरतीच बाहेर काढावी, बारीक निब वापरावी आणि हाताखाली टिपकागद किंवा कोरा कागद ठेवावा. तळहाताचा घाम पानाला लागला की त्या जागी खळ सैल होते आणि पुढची ओळ तिथेच फुटते.

खाऱ्या हवेत पेनाची क्लिप आणि मुलामा दिलेले भाग लवकर गंजतात. स्टेनलेस निब बरीच तग धरते. बंदरावर ओल्या हाताने मासळीच्या वजनाची नोंद करायची असेल, तर तिथे शाईचे पेन नेऊच नये. एका थेंबाने आकडा पुसला जाईल. तिथे बॉलपेन किंवा पेन्सिलच योग्य. शाईचे पेन घरच्या मेजावर.

बैठक आणि पकड

दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मेजावर आणि वही किंचित डावीकडे कललेली, ही उजव्या हाताची सोयीची बैठक. जमिनीवर मांडी घालून लिहिणाऱ्याने उताराचे डेस्क किंवा पाट घ्यावा. वही मांडीवर ठेवली की मनगट हवेत राहते आणि ओळ वर चढते. पेन अंगठा आणि तर्जनी यांनी धरून मधल्या बोटावर टेकवावे. लिहिताना दुसऱ्या हाताने पेन हलकेच वर ओढून पाहावे. ते सहज निसटले तर पकड बरोबर आहे.

अक्षर बोटांनी घडते, पण ओळ हाताने पुढे सरकते. मनगट एका जागी रोवून नुसत्या बोटांनी लिहिले की पाच-सहा अक्षरांनंतर ती वाकडी होऊ लागतात. दर शब्दानंतर हात थोडा पुढे सरकवण्याची सवय लावावी.

डाव्या हाताने लिहिणाऱ्यांना निब ओढता येत नाही, ढकलावी लागते, आणि ओल्या शाईवरून हात जातो. वही उजवीकडे कलती ठेवून हात ओळीच्या खाली राखला, गुळगुळीत फाइन निब आणि लवकर सुकणारी शाई घेतली, की दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

सरावाचा क्रम

सुरुवात स्वतःच्या जुन्या पानापासून करावी. एक पान उलटे धरून पाहावे. उलट्या पानावर मजकूर वाचला जात नाही, त्यामुळे नुसती आकृती दिसते : कुठे दंड कलले, कुठे शब्द चिकटले, कुठली अक्षरे उंच झाली. ठळक दोन दोष निवडून आधी तेवढेच हाती घ्यावेत.

पहिला आठवडा रेघांचा. उभे दंड, आडव्या रेघा, डाव्या बाजूला उघडणारी आणि उजव्या बाजूला उघडणारी अर्धवर्तुळे, पूर्ण वाटोळे. दुरेघी वहीत एकेक ओळ, दाब न देता. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आली की पुढे जावे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की मुलांना अक्षरे शिकवण्याआधी चित्रकला शिकवावी, म्हणजे ती अक्षरे आकृतीसारखी निरखून काढतील. या आठवड्याचा हेतू तोच.

त्यानंतर अक्षरे, पण ‘कखग’च्या क्रमाने नव्हे. मराठी शाळांत ‘गमभन’पासून अक्षरओळख करून देतात त्यामागे आकाराचे साधर्म्य आहे, आणि मोठ्यांच्या सरावालाही तीच पद्धत उपयोगी. ग, म, भ, न यांत दंड समान आहे. व, ब, क यांत डावीकडचे पोट समान. ट, ठ, ढ, द यांत छोटा देठ आणि त्याखालचे गोल वळण. प, ष, फ, ण हा आणखी एक गट. एका गटातले पोट किंवा वळण साधले की चार अक्षरे एकदम सुधारतात.

‘व’ आणि ‘क’ जवळून पाहण्यासारखे आहेत. ‘व’चे पोट दंडाच्या जागेपासून निघून डावीकडे वळते, खाली उतरते आणि परत दंडाला मिळते, मग वरून खाली दंड. बहुतेकांचे पोट परत येताना दंडापर्यंत पोचत नाही किंवा ओलांडून पलीकडे जाते, कारण परतीच्या वाटेवर निब ढकलली जाते आणि हात तिथे दाबतो. पेन हलके ठेवून हा परतीचा प्रवास सावकाश केला की पोट बंद होते. ‘क’मध्ये उजवीकडची कमान त्याच उंचीवरून निघायला हवी जिथे पोट दंडाला मिळाले, ती वर-खाली झाली की ‘क’ मोडल्यासारखा दिसतो.

काना, मात्रा, वेलांट्या यांना स्वतंत्र दिवस द्यावा. काना अक्षराच्या दंडाइतकाच उंच आणि त्याला समांतर. एका पानावरच्या सगळ्या मात्रा एकाच कोनात. वेलांटीची कमान शिरोरेघेच्या फार वर जाऊ नये, नाहीतर वरच्या ओळीतल्या उकाराला भिडते. अनुस्वार ज्या अक्षराचा असेल त्याच्याच डोक्यावर. जोडाक्षरांत अर्धे अक्षर अरुंद होते, बुटके नव्हे. ल आणि श यांची मराठी वळणे राज्य शासनाच्या निर्णयाने प्रमाण ठरवली आहेत; सरावाचा कित्ता त्या वळणाचा असावा.

शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर डावीकडून उजवीकडे एका दमात ओढावी. अक्षरागणिक तुकडे जोडले की पायऱ्या पडतात. थ, ध आणि भ यांच्या डोक्यावर ती तोडावी लागते. ही फट बुजली की घाईत लिहिलेला ‘भ’ ‘म’सारखा, ‘ध’ ‘घ’सारखा आणि ‘थ’ ‘य’सारखा वाचला जातो. शब्दांमध्ये साधारण एका अक्षराएवढी जागा पुरते.

सराव रोज पंधरा-वीस मिनिटांचा असावा. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजचा थोडा वेळ हाताला अधिक शिकवतो. थकलेला हात जुनेच वळण गिरवत राहतो. शेवटची पाच मिनिटे अर्थपूर्ण मजकूर उतरवण्याला द्यावीत. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना अक्षरलेखनाची तयारी वेगळी करावी लागते. तिथे अक्षर आखून काढायचे असते, रोजच्या लिखाणात ते वाहते ठेवायचे असते.

पेनाची निगा

महिन्यातून एकदा, आणि शाई बदलताना दर वेळी, निब आणि जीभ साध्या गार पाण्याखाली धुवावी. पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्याने जीभ वाकते. ड्रॉपरने भरण्याच्या पेनात शाई तळाशी गेली की हाताच्या उबेने टाकीतली हवा प्रसरण पावते आणि पेन शाई ओकते. पाव टाकी उरली की ते पुन्हा भरावे. लिहून झाल्यावर टोपण लगेच लावावे आणि पेन निब वर करून ठेवावे. आठवडाभर लिहायचे नसेल तर ते रिकामे करून, धुऊन ठेवलेले बरे. उन्हाळ्यात शाईतले पाणी उडून ती जिभेत घट्ट होते. पेन चालेनासे झाले तर ते झटकू नये की निब दाबू नये. धुतल्यावर ते सहसा चालू लागते.

वेग

सावकाश लिहिताना आलेले वळण परीक्षेत किंवा कामाच्या घाईत मोडते, कारण वेग वाढला की जुना दाब परत येतो. म्हणून वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा. एकच परिच्छेद आधी सावकाश, मग थोडा भरभर आणि मग नेहमीच्या वेगाने लिहून तिन्ही पाने शेजारी ठेवावीत. तिसऱ्या पानावर कोणता दोष आधी डोकावतो ते पाहावे : बहुधा दंड कलतात, शिरोरेघ तुटते किंवा शब्द चिकटतात. पुढच्या आठवड्याचा सराव त्या एका दोषाचा. नेहमीच्या वेगाने लिहिलेल्या पानावर उंची, दंड, अंतर आणि रेघ या चारही गोष्टी टिकल्या, की वळण बसले असे समजावे. त्यानंतर हातात शाईचे पेन असो की बॉलपेन, अक्षर तेच राहते.